रायहर क्लबचा अकरावा माणूस

रविवारी सकाळी फोन वाजला की सुरेखाबाई पोह्यांचा कांदा चिरता चिरताच म्हणायच्या, "गेला एक."

आणि खरंच एक गेलेला असायचा. कुणाची मान धरलेली, कुणाची सासू न सांगता येऊन टपकलेली, कुणाच्या कंपनीने शिफ्ट बदललेली. विलासराव धुमाळ खिडकीशी उभे राहून "हो, हो... गेनाऊ, बरोबर... काही हरकत नाही, बरा हो आधी" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर रेडिएटरला टेकून थोडा वेळ नुसतेच उभे राहायचे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. कोलोनमध्ये गिअरबॉक्सच्या कंपनीत निम्मं आयुष्य काढलेलं, मुलगी शमिका हाम्बुर्गला आपल्या संसारात. अशा माणसाने रविवारी दुसरा चहा मागावा, दुपारी मस्त ताणून द्यावी. पण छे! ह्यांना तेरा माणसं गोळा करायची असायची.

तेरा, कारण रग्बी लीग हा तेरा-तेरा जणांचा खेळ. जर्मनीत नुसतं रग्बी म्हटलं तरी लोक भुवया उंचावतात. सगळ्यांचा जीव फुटबॉलमध्ये. त्यात हा रग्बीतला धाकटा प्रकार म्हणजे विचारूच नका. चेंडू काखेत मारून पळायचं, समोरच्याने धरून आडवं करायचं, उठून पुन्हा पळायचं; सहाव्यांदा आडवे झालात की चेंडू समोरच्याच्या हवाली. सुरेखाबाईंनी पहिल्यांदा सामना पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अहो, ही तर चिखलातली कबड्डी."

विलासराव ह्यात पडले ते कबड्डीमुळेच. पुण्यात कॉलेजच्या दिवसांत ते मंडळाकडून खेळायचे. कंपनीच्या एका उन्हाळी पार्टीत, बिअर चढल्यावर, टेस्टिंग विभागातल्या डिर्कने त्यांना डिवचलं की तुमच्याकडे काय, नुसतं क्रिकेट! डिर्क म्हणजे शंभर किलोचा ऐवज. विलासरावांनी बूट काढले, गवतावर रेघ ओढली आणि डिर्क चढाईला आल्याबरोबर त्याचा घोटा धरून त्याला असा काही बसवला की पार्टीतल्या बायका किंचाळल्या. डिर्क उठला, पँटवरचं गवत झटकलं आणि म्हणाला, "आल्झो, तर मग गुरुवारी संध्याकाळी काय करतोस?"

डिर्क होता रायहर क्लबचा कोच. रायहर म्हणजे बगळा. मैदानाच्या कडेच्या ओढ्यात राखी बगळे उभे असतात, त्यावरून नाव. तेव्हापासून पंधरा वर्षं विलासराव रायहरचे बेट्रॉयअर. म्हणजे फोन करायचे, पट्ट्या बांधायच्या, संत्री कापायची, पंचांना पाणी द्यायचं आणि सामना संपला की सगळ्यांच्या मळक्या जर्सी पिशवीत भरून घरी न्यायच्या. आपल्याकडे ह्या पदाला घरातला मोठा मुलगा म्हणतात. रविवारी संध्याकाळी इमारतीच्या तळघरात कपडे वाळवायच्या दोऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या जर्सींनी भरून जायच्या. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्लाइनने दोनदा तक्रार केली, तिसऱ्यांदा सुरेखाबाईंनी तिला करंज्या दिल्या, मग ती गप्प झाली.

तेव्हा लीगमध्ये चारच क्लब होते, पण काय सामने व्हायचे! बावीस-वीस, अठरा-सोळा. शेवटच्या मिनिटापर्यंत जीव टांगणीला. हरलं तरी माणूस ताठ मानेने घरी यायचा.

मग एका वर्षी जवळच्या आखन शहरातल्या गणेशोत्सवात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हिरवळीवर कबड्डीचे सामने ठेवले. विलासराव आरतीला गेले आणि आरती सोडून तिथेच उभे राहिले. सांगलीचा हृषिकेश, अंगाने काटकुळा, पण कोपऱ्यावर उभा राहिला की समोरच्याचा पाय सुटायचा नाही. त्याच्याबरोबर राजस, जय आणि आणखी दोघं. विलासरावांनी प्रसाद घेता घेताच पाचही जणांना गटवलं. गुरुवारी सराव, मग सुरेखाबाईंच्या हातचं जेवण, मग शेवटची गाडी धरून आखनला परत, असं तीन वर्षं चाललं. परक्या देशातली पोरं ती. घरचं गरम वरण समोर आलं की हृषिकेश खाली मान घालून जेवायचा. विलासरावांनी त्याला छातीला छाती न भिडवता कमरेतून धरायचं कसं ते शिकवलं, हाताला धरून शिकवलं. रायहर तीन वर्षांत दोनदा पहिले आले.

आणि इथे माशी शिंकली.

लीग चालवणारे लेमके नावाचे गृहस्थ होते. सज्जन माणूस, पण त्यांना नकाशाची हौस. ड्युसेलडॉर्फच्या बैठकीत त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. आहेत ते चार ठिपके निळे, होऊ घातलेले चार लाल. आठ शहरं, आठ क्लब, खेळ वाढणार, पेपरात नाव येणार. सगळे टाळ्या वाजवत होते. डिर्क कानाशी येऊन म्हणाला, "माणसं कुठून आणणार हा?"

विलासरावांना काय ते कळत नव्हतं? सगळ्या लीगमध्ये मिळून ऐंशी माणसं. चार क्लब होते तोवर प्रत्येकाला वीस यायची. आठ केले की दहा. आणि खेळायला लागतात तेरा. तिसरीतल्या पोरालाही हा हिशेब येतो. हात वर करून एवढंच विचारायचं होतं.

पण लाल ठिपक्यांपैकी एक होता आखन. आणि पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, आखनचा अर्ज मांडीवर घेऊन बसला होता हृषिकेश. आदल्या संध्याकाळीच तो घरी येऊन गेला होता. "काका, आमच्या गावात आमचा क्लब काढावा म्हणतोय. पण तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला." आणि पाया पडला. आता सांगा, पाया पडलेल्या पोराच्या विरोधात दुसऱ्या दिवशी चारचौघांत हात वर करायचा कसा? विलासरावांची जन्माची खोड ती. भीड. तोंडावर नाही म्हणवतच नाही. त्यांनी बाजूने हात वर केला. वर, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून क्लबचे चार चेंडू आणि सरावाच्या दोन गाद्याही पोरांच्या गाडीत घालून दिल्या. सुरेखाबाईंनी चिवड्याचा डबा दिला, पण गाडी वळल्यावर म्हणाल्या, "आता बसा ओढ्यातले बगळे मोजत."

त्या हृषिकेशवर रागावल्या त्या रागावल्याच. त्यानंतर त्यांनी त्याला कधी जेवायला बोलावलं नाही.

पाच आखनला गेले. ड्युसेलडॉर्फच्या बाजूला नवा क्लब निघाला म्हणून तिकडे राहणारे तिघं गेले, घराजवळ पडतं म्हणून. कुणाला दोष द्यायचा? राहिले ते चाळिशीतले, गुडघ्याला पट्टा बांधून येणारे, आणि दोन-तीन अगदी नवखे. सामने व्हायला लागले चौऱ्याहत्तर-सहा, अडुसष्ट-शून्य. कधी एका बाजूचे नऊच आले म्हणून सामनाच रद्द. आखन जिंकत सुटलं, पण त्यांचीही गंमत गेली. हरणाऱ्याला लाज, जिंकणाऱ्याला कंटाळा, आणि बघायला कुणी नाही. लेमके मात्र खूश. नकाशावर आठच्या आठ ठिपके.

विलासराव दमले. शरीराने नाही हो, शरीर चालत होतं. फोन करून करून दमले. "येतोस ना?" "बघतो." "अरे, नक्की सांग." "सांगतो." ह्या चार वाक्यांनी त्यांच्या नाकी नऊ आले. कंपनीत ह्या माणसाने मिनिटाला हजारो फेरे फिरणारे गिअर जुळवले, पण रविवारी तेरा माणसं काही जुळेनात.

नियम असा होता, की अकरा तरी मैदानात उतरले पाहिजेत, नाहीतर सामना समोरच्याला बहाल. एका हंगामात तीनदा असं झालं की क्लबचं नाव लीगमधून काढणार. रायहरचं दोनदा झालं होतं. आणि मोसमाच्या शेवटच्या रविवारी, आखनविरुद्धच्या सामन्याच्या सकाळी, विलासरावांकडे बारा जणांचे होकार होते. बाराच, पण होते.

फोन वाजला. "गेला एक," सुरेखाबाई म्हणाल्या. टोबियासची मान.

चहा गाळेपर्यंत परत वाजला. ह्या वेळी त्यांनी नुसतं वळून पाहिलं. विलासराव रेडिएटरला टेकले. राहिले दहा.

डिर्कला फोन केला. डिर्कचे दोन्ही गुडघे बदललेले, तो काही उतरू शकत नव्हता. तो म्हणाला, "विलास, श्पीलरपास आहे तुझा." खरं होतं. खेळाडूचं ते ओळखपत्र डिर्क दर वर्षी गमतीने विलासरावांच्या नावानेही काढून ठेवायचा. यादीत एक माणूस जास्त दिसतो म्हणायचा.

"अहो, वेड लागलंय का!" सुरेखाबाईंनी सुरी खाली ठेवली. "गेल्या हिवाळ्यात मोजा घालताना कंबर धरली होती तुमची. शमिकाला सांगू का? सांगतेच."

"सुरेखा, पंधरा वर्षं सांभाळलंय. माझ्या हातून नको बंद पडायला."

सुरेखाबाईंनी वेदनाशामक मलमाची ट्यूब त्यांच्या पिशवीत टाकली आणि ती इतक्या जोरात टाकली की त्यांचं मत समजावं.

आखनवाले दोन व्हॅन भरून आले. एकोणीस जण, सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. हसत, ढकलाढकली करत उतरले आणि निळी जर्सी घातलेले काका बघून गप्पच झाले. जर्सी पोटावर ताणलेली, पायांच्या काड्या. हृषिकेश पुढे आला. त्याने वाकून पाया पडून घेतलं. त्याच्यामागे राजस, जय, उरलेले दोघं. ते बघून आखनचे दोन जर्मन पोरगेही, खेळातलाच काही रिवाज असेल असं समजून, वाकले. पंच घड्याळ बघत उभे.

डिर्कने विलासरावांना अगदी कडेला उभं केलं, जिथे चेंडू सहसा येत नाही. तो आलाही नाही. पूर्वार्ध संपला तेव्हा आखन चाळीस, रायहर शून्य. अकरा जण तेरांपुढे किती पुरणार? विलासराव नुसते इकडून तिकडे धावत होते आणि धाप लागली की बुटाची नाडी बांधत होते.

उत्तरार्धात कुणाच्या तरी हातून निसटलेला चेंडू गवतावरून उड्या मारत थेट त्यांच्याकडे आला. त्यांनी तो काखेत मारला आणि पळाले. समोर जय. विलासराव खांदा खाली करून भिडायला गेले, तर जय घसरला. कोरड्या गवतावर! मग राजस. त्याने हात पुढे केले आणि हळूच मागे घेतले. शेवटी हृषिकेश. ज्याच्या हातून आजवर पाय सुटला नाही तो हृषिकेश एक पाऊल बाजूला झाला, दारात वडीलधारं माणूस आल्यावर होतात तसा.

पुढे मोकळं मैदान आणि गोलरेषा; तिच्यापलीकडे चेंडू टेकवला की चार गुण. कडेचे चार बघे टाळ्या वाजवायला लागले. सुरेखाबाई काम करायच्या त्या बालवाडीत लहान पोराने मनोरा रचला की वाजवतात, तशा टाळ्या. विलासरावांना सगळं लख्ख कळलं. पंधरा वर्षं, शेकडो फोन, संत्री, चिखल, धुणं, आणि शेवटी हे? ह्या पोरांनी दया म्हणून चार गुण द्यायचे? त्यांना इतका अपमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. रेषेच्या अलीकडे ते थांबले. थांबले, वळले आणि चेंडू घेऊन उलटे, सरळ हृषिकेशच्या अंगावर निघाले.

"पकड!"

"काका, अहो, तुमची कंबर..."

"कंबर माझी आहे! मी तुला बाजूला व्हायला शिकवलं होतं का? पकड म्हणतो ना, गाढवा!"

मैदानात आखनची चार पोरं सोडली तर कुणाला मराठी कळत नव्हतं, पण सगळे जागच्या जागी उभे राहिले. हृषिकेशच्या तोंडाचा रंग उडाला. मग त्याने दात आवळले, खाली वाकला आणि आला. कमरेतून, दोन्ही हातांनी, डोकं बाजूला ठेवून, अगदी शिकवलं होतं तसं. विलासरावांचे पाय जमिनीवरून सुटले. पाठ आपटली, बरगडीत काहीतरी कट्‌ झालं आणि वर आकाश दिसलं.

"काका! लागलं का?"

"लागलं," विलासराव म्हणाले. श्वास घेता येत नव्हता, पण त्यांना बरं वाटत होतं, वर्षभरात वाटलं नव्हतं इतकं बरं. "ऊठ आता. मला खेळायचंय." ते चार हातापायांवर उठले, नियमाप्रमाणे चेंडू पायाने मागे सरकवला आणि खेळ पुढे सुरू झाला.

त्यानंतर आखनच्या पोरांनी कुणालाच सोडलं नाही. पुढची वीस मिनिटं ते खरं खेळले आणि रायहरची चाळिशीतली माणसंही पेटून उठली. पण पेटून काय होतं? दोन माणसं कमी ती कमीच. विलासराव बरगडी दाबून कडेला उभे होते, तेव्हा त्यांना एकेकाचे चेहरे दिसले. स्टेफान गुडघ्यावर हात ठेवून ओकारी दाबत होता. नवखा आलेला लुकास, अंगात चांगला खेळ असलेला पोरगा, सत्तर गुणांचा मार खाऊन रडवेला झाला होता. ह्यांना आपण कशासाठी मारतोय, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते काही जाईना.

सामना सत्तर-शून्य संपला. डिर्क लंगडत मैदानात आला आणि त्याने त्यांना मिठी मारली. विलासराव कळवळले. "वाचलो!" डिर्क ओरडत होता. "अकरा होते! कुणी काढू शकत नाही आता आपल्याला!"

"हो," विलासराव म्हणाले. "डिर्क, आता आपणच बंद करू."

डिर्कला वाटलं डोक्याला मार लागला.

"आत्ता वाचवला ना आपण?"

"वाचवला म्हणूनच म्हणतोय. कुणी हाकललं म्हणून नको, आपल्या पायांनी जाऊ. पोरं आखनला देऊ. तेरा आणि तेरा उभे राहायला हवेत, मग ते कुठल्याही रंगात असू देत. मला आता कुणाला 'येतोस ना' विचारायचं नाही, डिर्क. माझ्याच्याने होत नाही."

डिर्क ओढ्याकडे वळला. मग त्याने नुसती मान हलवली आणि नाक शिंकरलं.

सॉसेज भाजत होते तिथे विलासरावांनी हृषिकेशला गाठलं. "माझी दहा पोरं आहेत. मान दुखणारे वगैरे धरून आणखी चार-पाच. चांगली आहेत. सांभाळ."

हृषिकेश म्हणाला, "काका, आणि रायहर? नाव तरी दोन्हीचं ठेवू या."

"नको. नाव तुमचंच ठेवा. नाहीतर ते लेमके दोन ठिपके काढतील."

हृषिकेश हसला आणि हसता हसता रडायला लागला. "आम्ही गेलो नसतो तर..."

"मीच हात वर केला होता रे. आणि एक कर. गुरुवारचा सराव आलटून-पालटून ठेव, एकदा इकडे, एकदा तिकडे. स्टेफानला लहान मुलं आहेत."

जर्सी त्यांनी ज्याच्या त्याला देऊन टाकल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ते पिशवीशिवाय घरी आले. सुरेखाबाईंनी आधी बरगडीवर बर्फ धरला, मग बोलून घेतलं, मग कोणी पाडलं ते विचारलं. "हृषिकेशने," ते म्हणाले. सुरेखाबाईंनी अंगातली जर्सी हळूच काढून घेऊन धुतली आणि तळघरात गेल्या. बऱ्याच वेळाने वर आल्या.

"बाकीच्या?"

"दिल्या."

"एवढ्या दोऱ्या," त्या म्हणाल्या, "आणि एकच जर्सी. बघवत नाही हो."

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. सुरेखाबाई कांदा चिरत होत्या आणि मधूनच फोनकडे बघत होत्या. विलासराव छातीला पट्टा बांधून, सवयीने, रेडिएटरला टेकून उभे होते. रस्त्यावरून एक बस गेली. घर इतकं शांत की तेल तापल्याचा आवाज येत होता.

"अहो," सुरेखाबाई सुरी थांबवून म्हणाल्या, "त्या हृषिकेशला लावा फोन. पुढच्या रविवारी जेवायला ये म्हणावं. सगळ्यांना घेऊन."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुमचे, त्यांचे, सगळे. किती होतील ते सांगा म्हणजे मी तांदळाचं बघते."

विलासराव बोटांवर मोजायला लागले. त्यांचे एकोणीस. स्टेफान, लुकास आणि बाकीचे मिळून दहा. डिर्क. टोबियासची मान बरी झाली तर तो. "एकतीस," ते म्हणाले, आणि आपण चुकलो तर नाही ना म्हणून त्यांनी परत पहिल्यापासून मोजलं. गेल्या वर्षभरात तेराच्या पुढे मोजायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती.